टोळीचं कुत्रं आणायचं, पण साखळीनं बांधून नाही



दसरा जवळ आला की आम्हा ऊस वाहतूकदारांच्या फोनवर एकच विषय. टोळी कुठली, कोयते किती, उचल किती गेली, मुकादम फोन उचलतोय का. या सगळ्यात टोळीबरोबर येणाऱ्या कुत्र्यावर कुणी बोलत नाही, आणि कुणी बोललंच तर बाकीचे हसतात. मी आज त्यावरच लिहिणार आहे. ज्याला हसायचं त्यानं हसावं, पण वाचावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टोळीचं कुत्रं आणलंच पाहिजे. ते ट्रॉलीत गळ्याला साखळी बांधून आणू नये. आणि ज्याचा ट्रॅक्टर, त्यानं ही जबाबदारी घ्यावी, मुकादमावर ढकलू नये.

माझा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. गेली अठरा-एकोणीस वर्षं बीड जिल्ह्यातून टोळी आणतो आणि पट्टा पडला की परत पोचवतो. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसं, त्यांची पोरं, एखादी म्हातारी, आणि पाच-सहा महिन्यांचा संसार. ज्वारी-बाजरीची पोती, हंडे, चूल, कोपीचे बांबू आणि कागद, शेळ्या, कोंबड्या. यात दोन-तीन कुत्री असतातच. इंग्लंडात लोक मोटारीमागं चाकावरचं घर जोडून सुट्टीला जातात, त्याला कॅराव्हॅन म्हणतात. तिथं ओढलेल्या गाडीत चालू असताना माणसाला बसायला बंदी आहे, आणि कुत्रंही पुढच्या मोटारीत पट्ट्यानं किंवा पिंजऱ्यात ठेवायचा रिवाज आहे. आपलंही चाकावरचं घरच, फक्त आपल्याकडं सगळेच मागं बसतात. ट्रॉलीत माणसं बसवणं आपल्याही कायद्यात बसत नाही, हे लिहितो कारण ते खरं आहे. मी तीन वर्षांपासून बायका-पोरांसाठी वेगळा टेम्पो करतो. भाडं जातं, पण झोप लागते. सगळ्यांना ते परवडत नाही हेही मला माहीत आहे.

बरेच वाहतूकदार टोळी भरतानाच सांगतात, कुत्रं नको. कारण विचारलं की म्हणतात घाण होते, जागा जाते, चावतं. अहो, गावठी कुत्र्याचं वजन पंधरा-वीस किलो. उसाच्या एका मोळीपेक्षा जास्त नाही. जागेचं तर बोलूच नका. खरं कारण एवढंच की त्याची कटकट कुणाला नको असते.

आता टोळीच्या बाजूनं बघा. पहाटे चारला नवरा-बायको फडात. अंधार, थंडी. कोपीत कोण? दोन-तीन वर्षांचं पोर आणि त्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीण. कोपीला ना दार ना कडी. त्या पोरांजवळ जे जागं असतं ते कुत्रंच. एका मावशीला मी एकदा म्हटलं, "मावशी, कुत्रं राहू द्या की गावाकडं, घर राखंल." तर म्हणाली, "मालक, घराला कुलूप हाय. कोपीला काय हाय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

फडातही त्याचा उपयोग आहे. घोणस असो, रानडुक्कर असो, माणसाच्या आधी कुत्र्याला कळतं. बिबट्याचं मात्र उलटसुलट आहे, ते नीट समजून घ्या. कुत्रं भुंकून सावध करतं हे खरं, पण कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणंही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं, तेव्हा वजनाच्या हिशेबानं सगळ्यात मोठा वाटा पाळीव-गावठी कुत्र्यांचाच निघाला. म्हणजे कोपीबाहेर खुंट्याला साखळीनं बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. आणि ते ताट पोरं झोपतात तिथून चार हातांवर. म्हणून मी पिंजऱ्याच्या मागं लागलो. प्रवासात जो पिंजरा, तोच रात्री कोपीच्या आत कुत्र्याचं घर. एकाच खर्चात दोन्ही कामं होतात. हा मुद्दा सांगितला की जे वाहतूकदार हसत होते ते जरा गप्प होतात.

साखळीनं काय होतं ते सांगतो. सांगोल्याच्या अलीकडं आमच्या पुढं एक ट्रॅक्टर चालला होता, दुसऱ्या गावचा. मागच्या ट्रॉलीत सामानाच्या वर कुत्रं बांधलेलं. साखळी चांगली लांब, म्हणजे बांधणाऱ्यानं मायेनंच लांब ठेवली असणार, बिचाऱ्याला हलता यावं म्हणून. रस्त्याकडेच्या कुत्र्यांनी पाठलाग केला, हे पेटलं आणि फाळक्यावरून उडी मारली. साखळी फाळक्याच्या बाहेर जाण्याइतकी लांब, पण जमिनीला पाय टेकतील एवढी नाही. ते लटकलं. ड्रायव्हरला काही पत्ता नाही. इंजिनाचा आवाज, वर टेप. मी हॉर्न वाजवून, लाईट मारून थांबवला तोवर संपलं होतं. ज्या पोराचं कुत्रं होतं ते पोर पुढच्या ट्रॉलीत झोपलं होतं. त्याला कुणी उठवलं नाही.

यात ड्रायव्हरला दोष देऊन काय होणार? ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला मागच्या ट्रॉलीतलं काहीच ऐकू येत नाही. मग जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते असं बांधावं की आपोआप काही वाईट होणारच नाही.

आखूड साखळी बांधली तर चालेल का, असं विचारतात. नाही. आखूड साखळीनं ते उडी मारणार नाही, पण खड्ड्यात ट्रॉली आपटली, ब्रेक लागला, की सगळा झटका गळ्यावर. आपल्या ट्रॉल्यांना बहुतेक ठिकाणी स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरनं ब्रेक मारला की भरलेली ट्रॉली मागून ढकलते, हुकात आदळते. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना ज्यानं दोन ट्रॉल्या सांभाळल्यात त्याला हा धक्का कसा असतो ते माहीत आहे. माणूस हातानं धरतो. कुत्र्याला चार पाय, त्यातही लोखंडी तळावर नखं घसरतात. पिंजरा काही कारणानं नसेलच, तर निदान गळ्याला न बांधता छातीला पट्टा घाला. दोन्ही पुढच्या पायांच्या मागून फिरणारा रुंद पट्टा, नवारीचा सुद्धा शिवता येतो. दोरी आखूड ठेवा, उठता-बसता येईल एवढीच, आणि ती ट्रॉलीच्या तळातल्या कडीला बांधा, फाळक्याला नाही.

पण मी पिंजऱ्याचाच आग्रह धरतो. वेल्डिंगवाल्याकडं अँगल आणि जाळीचा करून घेतला, मजुरीसकट अडीच हजार गेले. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. आपल्या गावठी कुत्र्याला त्यात उभं राहता येतं, वळता येतं, पाय पसरून बसता येतं. याहून मोठा मुद्दाम केला नाही, कारण फार मोठ्या पिंजऱ्यात ते आतल्या आत आपटत राहतं. तळाला लाकडी फळी आणि वर बारदान, कारण ट्रॉलीचा पत्रा तापतो. तीन बाजूंनी शेडनेट. ताडपत्री गुंडाळू नका, तिच्यात वारं कोंडतं आणि आत भट्टी होते. दार बाहेरच्या बाजूला, बोल्टाची कडी. तारेनं दार बांधणारे आहेत, अडचणीच्या वेळी ती तार सुटत नाही.

ठेवायचा कुठं? मागच्या ट्रॉलीत कधीच नाही. दोन ट्रॉल्या जोडल्या की पुढची जेवढी हलते त्याच्या दुपटीनं मागची शेपटी मारते, हे कुठल्याही वाहतूकदाराला विचारा. पुढच्या ट्रॉलीत, पण अगदी पुढं नाही. तिथं सायलेन्सरचा धूर आणि इंजिनाची धग येते. अगदी मागं चाकाच्या पलीकडं ठेवला तर प्रत्येक गतिरोधकाला हातभर उडतो. मधोमध, जरासा पुढं, तळाला टेकवून, डाव्या बाजूला. उजवीकडून दुसऱ्या गाड्या घासून जातात. दोन्ही बाजूंना दोरीनं आवळायचा, आणि वर काही ठेवायचं नाही. गॅसची टाकी, रॉकेलचा डबा, भांडी असलं काही शेजारी नको. अंथरुणाची वळकटी शेजारी असली तर उत्तम, घरच्या माणसाचा वास येतो आणि ते गप बसतं. शेळ्या पलीकडं बांधा.

सामानाच्या ढिगावर कुत्रं बसवून आणतात ते बघायला फार छान दिसतं, मोबाईलवर फोटोही फिरतात. बाभळीची फांदी आणि खाली लोंबणाऱ्या तारा त्याला दिसत नाहीत एवढंच. तसंच दोन ट्रॉल्यांमधल्या दांडीवर उभं राहणारं कुत्रं. आपल्या गावातही रोज दिसतं, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नाहीतर रोटाव्हेटरवर बसून शेताला जाणारं. लोक कौतुक करतात. खाली पीटीओचा शाफ्ट फिरतोय.

पिंजरा निघायच्या दिवशी आणून त्यात कुत्रं कोंबलं तर ते रात्रभर केकाटणार, दात तोडून घेणार. पंधरा दिवस आधी पिंजरा अंगणात ठेवा, दार उघडं, भाकरी आत. आठ दिवसांत ते आपणहून आत जाऊन झोपतं. मी हल्ली नवरात्राआधीच पिंजरे मुकादमाच्या दारात पोचवतो.

निघायच्या आधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नका. अर्धी भाकरी बास. नाहीतर पहिल्या दहा किलोमीटरमध्येच ओकतं, पिल्लं तर हमखास. पाणी मात्र प्रत्येक थांब्यावर. बीडपासून कोल्हापूर भागात यायचं तर साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर, ट्रॅक्टरचा वेग ताशी वीस-पंचवीस. म्हणजे एक रात्र आणि एक दिवस. झोपेची गोळी, भांग, दारू पाजून कुत्रं निजवणारे बहाद्दर मी पाहिलेत. गुंगीतल्या कुत्र्याला तोल सांभाळता येत नाही आणि ओकलं तर ते श्वासनळीत जातं. औषध लागलंच तर गुरांच्या डॉक्टरांना विचारून.

जास्त कुत्री मरतात ती चालत्या गाडीत नाही, थांब्यावर. ढाब्यावर गाडी थांबली, फाळका पडला, कुत्रं सुटलं. तिथली चार कुत्री अंगावर आली, हे पळालं रस्त्यावर. किंवा जिवंत राहिलं पण गाडी निघाली तेव्हा सापडलं नाही. त्यामुळं आमच्यात नियम आहे की आधी दोरी, मग दार. गळपट्ट्यावर मुकादमाचा मोबाईल नंबर ऑइल पेंटनं लिहून घेतो. गेल्या हंगामात पंढरपूरच्या बाहेर सुटलेलं एक कुत्रं या नंबरामुळं दोन दिवसांनी परत मिळालं.

आता परतीचं. येताना थंडी असते, निभावून जातं. जाताना मार्च-एप्रिल. दुपारी पत्र्यावर हात ठेवून बघा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. म्हणून तोंड चिंधीनं घट्ट बांधून उन्हात नेणं म्हणजे त्याला जिवंत भाजणं. चावऱ्या कुत्र्याला मुसकं घालायचंच असेल तर जाळीचं, तोंड उघडता येईल असं. त्याचं अंग नेहमीच आपल्यापेक्षा गरम असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइटपर्यंत. 106 च्या पुढं गेलं की जीव धोक्यात. जोरात धाप, चिकट लाळ, डगमगणं दिसलं की गाडी सावलीला घ्या. साध्या पाण्यानं पोट, काखा, पाय भिजवा, वारा घाला. बर्फ नको आणि तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतायचं नाही. नंतर डॉक्टर. त्यापेक्षा बरं, परतीचा प्रवास संध्याकाळी सहानंतर सुरू करा आणि सकाळी नऊला सावलीत थांबा. ड्रायव्हरची झोप दिवसा नीट होऊ द्या, नाहीतर कुत्रं वाचवायला जाऊन माणसं मारायची.

बैलगाडीवाल्या टोळ्यांचंही सांगतो. फडापासून कारखान्यापर्यंत टायरगाडीच्या आसाला कुत्रं बांधून पळवत नेतात. जानेवारीत ठीक आहे, मार्चमध्ये डांबर पायाचे गादीचे भाग सोलून काढतं. तुमच्या हाताची पाठ डांबरावर पाच-सहा सेकंद ठेवा. तुम्हाला सोसवली तर त्याला सोसवेल.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात खटकते ती म्हणजे सोडून जाणं. कारखाना बंद झाला, हिशेब झाला, रातोरात टोळी निघाली. कुत्रं कुठंतरी भटकायला गेलेलं असतं, कुणाला शोधायला वेळ नसतो. मालक म्हणतो चला, डिझेल जळतंय. त्या कुत्र्याचं पुढं काय होतं ते आपण शेतकरीच भोगतो. रिकाम्या कोपीच्या जागेवर ते आठ-दहा दिवस बसून राहतं. मग भुकेनं कळपात जातं. पुढं मेंढराच्या कोकरावर, शेळीच्या करडावर हल्ले, शाळेच्या पोरांच्या मागं लागणं. आणि मोकाट कुत्री वाढली की बिबट्या वस्तीजवळ येणारच, वर सांगितलं ते लक्षात घ्या. ग्रामपंचायतीत मोकाट कुत्र्यांवर तावातावानं बोलणाऱ्यांत वाहतूकदार पण असतात, याचं मला नवल वाटतं. त्यातली किती कुत्री आपल्याच ट्रॉलीतून आली? कारण नसताना जनावर वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राण्यांशी क्रूरतेनं वागण्याविरुद्धच्या कायद्यात गुन्हा आहे, आणि त्रास होईल अशा रीतीनं जनावर वाहून नेणं हाही. पण कायद्याच्या भीतीनं कुणी कुत्रं शोधायला थांबत नाही. म्हणून शेवटचे दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा. आपल्या हातात एवढंच आहे आणि ते पुरेसं आहे.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मंडळींना एक विनंती. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. बरोबर टोळ्या निघायच्या आधी. त्या दिवशी शिबिर तालुक्याच्या गावात घेता, तेच ऊसतोड कामगारांच्या तांड्या-वस्त्यांवर घेतलं तर? लस टोचली की तिचा जोर धरायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे निघायच्या दिवशी टोचून उपयोग नाही. पिल्लाला तीन महिन्यांनंतर पहिली लस, मग दर वर्षी. जमलं तर नसबंदीही, कारण एक कुत्री येते आणि जाताना सहा पिल्लं मागं राहतात. वीतभर पोट आलेली कुत्री मात्र त्या प्रवासाला आणूच नका.

चढवताना-उतरवताना घाबरलेलं कुत्रं घरच्या माणसालाही चावतं. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. चुना, मिरची, तेल काही नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करायचं. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी बसू नका.

यंदा मी मुकादमाशी बोलताना कुत्र्याचंही ठरवून घेतलंय. एका ट्रॉलीला दोन पिंजरे माझे, लस त्यांची, कागद माझ्याकडं. येताना जेवढी कुत्री मोजली तेवढीच जाताना मोजायची, एक कमी असलं तर ट्रॅक्टर हलणार नाही. मुकादम हसला. म्हणाला, "मालक, माणसं बी अशीच मोजता का?" मी म्हटलं, टेम्पोत चढताना मोजतो की.

पिंजऱ्याचा नकाशा वेल्डिंगवाल्यानं पुठ्ठ्यावर काढून दिलाय, त्याचा फोटो या पानावर टाकतोय. ज्यांच्या टोळीत मोठ्या जातीचं धनगरी कुत्रं आहे त्यांनी लांबी चार फूट आणि उंची तीन फूट धरावी.